परिचारिका घडते कशी?

कोणत्याही रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात परिचारिका सापडते ती जमा-खर्चाच्या पत्रकात, 'वेतन व भत्ते' या शीर्षाखाली. इमारत, यंत्रसामग्री, रुग्णवाहिका व खाटा या मालमत्तेच्या बाजूस मांडल्या जातात. ज्या हातांमुळे त्या खाटेस रुग्णालयाची खाट म्हणावयाचे, ते हात मात्र खर्चात मोडतात. हिशेबशास्त्राचा नियम तसाच असल्याने त्याविषयी तक्रार नाही. परंतु त्यामुळे परिचारिका म्हणजे नेमकी कोण, ती किती वर्षांत व कशी तयार होते आणि तिच्या शिक्षणात समाजाचा वाटा कोणता, याची माहिती आपले सभासद, देणगीदार व पंचक्रोशीतील पालक यांच्यापर्यंत अहवालातून पोहोचत नाही. ती थोडक्यात व सोप्या शब्दांत द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यास निमित्तही तसेच आहे. दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की लासलगाव, विंचूर व आजूबाजूच्या खेड्यांतील पालक रुग्णालयाच्या कार्यालयात येतात. सोबत मुलगी असते, हातात गुणपत्रिका असते आणि विनंती बहुधा एकच असते: "साहेब, पोरीला तुमच्याकडं ठेवून घ्या. सुया-सलाईन शिकंल, हळूहळू नर्स होईल." ही विनंती प्रामाणिक असते. मुलीने स्वतःच्या पायावर उभे राहावे, घराजवळ राहावे आणि चार लोकांच्या उपयोगी पडावे, असे त्या पालकांना वाटते. परंतु या विनंतीत एक मोठा गैरसमज दडलेला आहे. सुई टोचता येणे म्हणजे परिचारिका होणे नव्हे. सुई टोचण्याची कृती हुशार मुलगी आठवड्यात शिकेल. ती केव्हा टोचू नये, टोचल्यानंतर काय पाहावयाचे, काय लिहावयाचे आणि कोणत्या क्षणी थांबून डॉक्टरांस बोलवावयाचे, हे शिकण्यास मात्र वर्षे लागतात. अभ्यासक्रमाची दोन-तीन वर्षे प्रामुख्याने त्यासाठीच आहेत.

नावे अनेक, पायऱ्या तीन

आपल्याकडे 'नर्सिंग केले' या दोन शब्दांत अनेक वेगवेगळ्या गोष्टी सामावल्या जातात. यास्तव प्रथम नावे स्पष्ट केलेली बरी.

पहिली पायरी म्हणजे सहायक परिचारिका प्रसविका, अर्थात ए.एन.एम. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यात अखेरच्या सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष कामाचा, म्हणजे आंतरवासितेचा समावेश असतो. प्रवेशासाठी बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. पूर्वी दहावीवर प्रवेश मिळत असे, ती पद्धत आता राहिलेली नाही. विज्ञान शाखाच हवी असे नाही, कला शाखेची विद्यार्थिनीही पात्र ठरते. हा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे. गावपातळीवरील आरोग्यसेवा, लसीकरण, माता व बालकांची काळजी आणि प्रसूती हा त्याचा गाभा होय.

दुसरी पायरी म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसविका, अर्थात जी.एन.एम. ही पदविका तीन वर्षांची असून ती मुलामुलींना खुली आहे. रुग्णालयातील सर्व विभागांचे काम यात शिकविले जाते. वैद्यकीय, शल्य, बालरोग, मनोरुग्ण, प्रसूती व शस्त्रक्रियागृह हे सर्व त्यात येतात. आपण ज्यांना 'स्टाफ नर्स' किंवा 'सिस्टर' म्हणतो, त्यांपैकी बहुसंख्य या मार्गाने आलेल्या असतात.

तिसरी पायरी म्हणजे बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. महाराष्ट्रात ती नाशिक येथे मुख्यालय असलेल्या, १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते.

या पायऱ्या एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत, हे पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे. नोंदणीकृत ए.एन.एम. पुढे जी.एन.एम.ला प्रवेश घेऊ शकते. जी.एन.एम. झालेल्या परिचारिकेस दोन वर्षांच्या पुढील अभ्यासक्रमाने बी.एस्सी.ची पदवी मिळविता येते. घरच्या परिस्थितीमुळे आज ज्या मुलीला दोनच वर्षे देता येतात, तिच्यासाठी पुढचा दरवाजा बंद होत नाही.

या तीन पायऱ्यांखेरीज सहा महिन्यांचे वा वर्षाचे 'रुग्ण सहायक' या स्वरूपाचे अभ्यासक्रमही चालतात. रुग्णास आंघोळ घालणे, भरविणे, उठविणे-बसविणे ही कामे त्यात शिकवितात. ही कामे हलकी नव्हेत आणि ती नीट करणाऱ्या व्यक्तींची रुग्णालयास नितांत गरज असते. परंतु असा अभ्यासक्रम पूर्ण करणारी व्यक्ती सहायक होते, परिचारिका होत नाही. तिने स्वतःच्या जबाबदारीवर औषध देऊ नये व कोणी तिला तसे करावयास लावू नये.

हे शिक्षण आले कोठून?

रुग्णसेवा आपल्या समाजाला नवी नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ पसरली असता सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा केली आणि त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या काळात आप्तही रुग्णाजवळ जाण्यास धजावत नसत, त्या काळातील ही सेवा होती. परंतु सेवाभाव आणि सेवेचे शास्त्रशुद्ध शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिमियाच्या युद्धातील अनुभवानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू केले. करुणेला स्वच्छतेची, निरीक्षणाची आणि नोंदींची जोड हवी, हा विचार तेव्हापासून दृढ झाला.

महाराष्ट्रात १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने विद्यार्थिनींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले. परक्या पुरुषाची शुश्रूषा करणे हे 'घरंदाज' स्त्रीचे काम नव्हे, असे मानणाऱ्या समाजात हे पाऊल उचलणे सोपे नव्हते. त्यानंतर १९३५ साली तत्कालीन मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली आणि राज्यात १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम लागू झाला. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा मंजूर केला. १९४७ च्या कायद्याची जागा त्याने घ्यावयाची आहे.

ए.एन.एम. ही पायरी निर्माण का झाली, हे समजण्यास एक आकडा पुरेसा आहे. भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. एवढ्या अल्प संख्येत खेड्यापर्यंत कोण पोहोचणार? म्हणून १९५० नंतर कमी कालावधीचा, खेड्यातील माता व बालकांवर भर देणारा हा अभ्यासक्रम सुरू करण्यात आला. १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनंतर तिच्याकडे बहुउद्देशीय आरोग्यसेविकेचे काम आले. आज सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे व डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा जो निकष आहे, त्याचा कणा हीच परिचारिका होय. २७ मार्च २०१४ रोजी भारतास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले आणि १६ जानेवारी २०२१ रोजी कोविडच्या लसीकरणास प्रारंभ झाला. या दोन्ही घटनांमागे वस्तीवस्तीवर लसीची पेटी खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या या स्त्रिया आहेत.

वर्गात काय, वॉर्डात काय

अभ्यासक्रमाच्या विषयांची नावे साधी वाटतात: शरीररचना व स्वच्छता, आहार, सामाजिक आरोग्य, प्राथमिक उपचार, संसर्गजन्य रोग, बालआरोग्य, प्रसूतिशास्त्र, आरोग्यकेंद्राचे व्यवस्थापन. परंतु प्रत्येक विषय अखेर रुग्णाच्या खाटेजवळ येऊन पोहोचतो. काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

डॉक्टरांनी लिहिले की ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यावे. आता मिनिटाला थेंब किती? ज्या संचातून एका मिलिलिटरचे २० थेंब पडतात, त्यात ५०० मिलिलिटरचे १०,००० थेंब झाले. चार तासांची मिनिटे २४०. भागाकार केला असता मिनिटाला सुमारे ४२ थेंब येतात. हे त्रैराशिक शाळेतलेच आहे, परंतु हृदयविकाराच्या वृद्ध रुग्णास तीच बाटली तासाभरात गेली तर फुप्फुसांत पाणी साचून त्याचा जीव धोक्यात येतो. म्हणून परिचारिका घड्याळाकडे पाहत थेंब मोजते. 'बाटली लावली' म्हणजे तिचे काम संपले, असे नसते.

दुसरे उदाहरण मधुमेहाचे. इन्सुलिन आपल्याकडे दोन तीव्रतेचे मिळते. एकात मिलिलिटरमागे ४० युनिट, तर दुसऱ्यात १०० युनिट असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या. लाल टोपणाची ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर रुग्णास २० नव्हे, ५० युनिट इन्सुलिन जाते. अडीचपट मात्रेने साखर एकदम उतरते आणि रुग्ण बेशुद्ध होतो. औषध तेच व हातही तितकाच सराईत, चूक केवळ टोपणाच्या रंगाची. ज्या मुलीने पाहून पाहून काम उचलले आहे, तिला खूण दिसते. जिने शिक्षण घेतले आहे, ती प्रथम बाटलीवरील अक्षरे वाचते.

तिसरे उदाहरण आपल्या शेतशिवारातले. सर्पदंशाचा रुग्ण आला आणि साप कोणता हे कोणासच ठाऊक नसले, तर एक साधी चाचणी करतात. रुग्णाचे थोडे ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यावयाचे, ती नळी २० मिनिटे जराही न हलविता उभी ठेवावयाची आणि मग हळूच तिरपी करून पाहावयाची. रक्त गोठले नसेल, तर विष रक्तावर परिणाम करणारे आहे असे समजतात. नळी काचेचीच हवी, ती साबणाच्या पाण्याने धुतलेली नको आणि वीस मिनिटे म्हणजे वीसच मिनिटे. यातील एकही अट मोडली तर निष्कर्ष फसवा निघतो. यंत्र नाही, वीज नाही. येथे सर्व भिस्त परिचारिकेच्या शिस्तीवर असते.

द्राक्ष व कांद्याच्या पिकांवर औषध फवारताना विषबाधा झालेला रुग्ण या भागास नवा नाही. त्यास उताऱ्याची इंजेक्शने दिली जात असताना नाडी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या, घाम व छातीतील घरघर वारंवार पाहून लिहावी लागते. पुढची मात्रा किती द्यावयाची, हे डॉक्टर त्या नोंदी पाहून ठरवितात. रात्री तीन वाजता ती नोंद चुकली, तर सकाळी मोठ्यातला मोठा तज्ज्ञ आला तरी त्याच्या हाती काही राहत नाही.

म्हणूनच परिचर्येचे शिक्षण केवळ वर्गात होत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार विद्यालयास रुग्णालयाची जोड असावीच लागते आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा लागतो. रुग्णालयातही नुसत्या खाटा असून भागत नाही, त्यांवर रुग्ण असावे लागतात. ज्या विद्यालयाचे रुग्णालय कागदावरच आहे, तेथील विद्यार्थिनीने रबरी पुतळ्यावर प्रसूती पाहिलेली असते. पहिल्यांदा खरी कळ, खरा रक्तस्राव व खरी भीती ती पाहते, तेव्हा ती नोकरीत असते आणि जवळ शिक्षिका नसते.

प्रसूतिगृहातील जबाबदारी

ए.एन.एम.च्या शिक्षणाचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते ते प्रसूतीच्या वेळी. एकेकाळी खेड्यांत घरी होणारी प्रसूती आता बहुतांशी दवाखान्यात होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आढळले. परंतु माता केवळ छताखाली आल्याने सुरक्षित होत नाही. त्या छताखाली कोण आहे, यावर ते अवलंबून असते.

बाळ जन्मताच पहिल्या मिनिटात मातेस ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यावयाचे, वार पूर्ण पडली की नाही हे तपासावयाचे, गर्भाशय घट्ट झाले का हे हाताने पाहावयाचे, बाळास कोरडे करून मातेच्या अंगाशी ठेवावयाचे आणि तासाभरात अंगावर पाजावयास लावावयाचे, हा क्रम तिच्या अंगवळणी पडलेला असावा लागतो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचे प्रमुख कारण आहे आणि तो पाहता पाहता हाताबाहेर जातो.

गरोदर स्त्रीचा रक्तदाब वाढून तिला झटके येऊ लागले, तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन मग तिला मोठ्या रुग्णालयात पाठवावे, असा अधिकार केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी प्रशिक्षित ए.एन.एम.ला दिलेला आहे. हा अधिकार कायद्याच्या दृष्टीने मोठा आहे. गावाहून नाशिकला पोहोचेपर्यंतच्या वाटेत ती पहिली मात्रा जीवन व मृत्यू यांतील अंतर ठरू शकते. असा अधिकार कोणास द्यावयाचा? ज्या व्यक्तीने शिक्षण घेतले आहे, परीक्षा दिली आहे आणि जिचे नाव नोंदवहीत आहे, तिलाच. अनोंदणीकृत मुलीच्या हातून तीच कृती झाली आणि काही बरेवाईट घडले, तर तिच्या पाठीशी कायदा उभा राहत नाही व रुग्णालयही उभे राहू शकत नाही.

न दिसणारे कौशल्य

परिचारिकेचे पुष्कळसे काम दिसत नाही, कारण ते यशस्वी झाले म्हणजे काहीच घडत नाही. अंथरुणास खिळलेल्या रुग्णास दर दोन तासांनी कुशीवर वळविले, त्वचा कोरडी ठेवली, पोषण सांभाळले तर शय्याव्रण होत नाही. न झालेली जखम कोणाच्या नजरेस येत नाही आणि त्याबद्दल कोणी आभारही मानीत नाही.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, तेथील परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना सांभाळले. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेचा गौरवाने उल्लेख केला. त्या प्रकरणाची चर्चा दयामरणाच्या प्रश्नावरून झाली. रुग्णालयाच्या कारभाराशी संबंध असलेल्या माणसास त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. परिचारिका बदलल्या, निवृत्त झाल्या, नव्या आल्या, परंतु काळजी खंडित झाली नाही. व्यक्ती बदलली तरी काम त्याच दर्जाचे राहावे, याचेच नाव प्रशिक्षण. केवळ मायेवर चाळीस वर्षे जात नाहीत. माया आणि शिस्त या दोन्हींची सांगड असावी लागते.

पालकांनी काय तपासावे

आपले गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी देशभर ओळखले जाते. येथील बाजार समिती १९४७ पासून कार्यरत आहे. समितीच्या आवारात परवान्याशिवाय व्यापाऱ्यास लिलावात बोली लावता येत नाही आणि वजनाच्या पावतीवाचून शेतकरी ट्रॅक्टर हलवीत नाही. कांद्याच्या बाबतीत इतके दक्ष असलेले आपण, मुलीच्या आयुष्याची दोन वर्षे आणि घरची शिल्लक ज्या संस्थेच्या हवाली करावयाची, तिचा परवाना मात्र विचारीत नाही. 'शासनमान्य', 'शंभर टक्के नोकरी' असे फलक लावलेले वर्ग तालुक्याच्या गावोगावी दिसतात. 'शासनमान्य' या शब्दाचा अर्थ पुष्कळदा संस्थेची नोंदणी झाली आहे इतकाच असतो. त्या अभ्यासक्रमास परिचर्या परिषदेची मान्यता आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. हे प्रमाणपत्र घेऊन मुलगी नोंदणीसाठी जाते, तेव्हा दरवाजा बंद असल्याचे तिला कळते. तोवर पैसे गेलेले असतात आणि वयही वाढलेले असते.

यास्तव प्रवेशापूर्वी पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात.

१. संस्थेस भारतीय व महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय आणि ती चालू वर्षासाठी आहे काय? जुन्या वर्षाच्या पत्रावर विसंबू नये. मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेकडूनच पाहावी.

२. मान्यता नेमकी कोणत्या अभ्यासक्रमास व किती जागांसाठी आहे? जी.एन.एम.ची मान्यता असलेल्या संस्थेचा प्रत्येक अभ्यासक्रम आपोआप मान्य होत नाही.

३. अंतिम परीक्षा कोण घेते? परीक्षा शासनाच्या अधिकृत मंडळाची असली पाहिजे. संस्था स्वतःच प्रश्नपत्रिका काढते व स्वतःच प्रमाणपत्र देते, असे उत्तर मिळाल्यास तेथून परत फिरावे.

४. विद्यार्थिनी कोणत्या रुग्णालयात काम शिकतात? शक्य असल्यास ते रुग्णालय स्वतः जाऊन पाहावे आणि तेथील वॉर्डात विद्यार्थिनी दिसतात काय, हे पाहावे.

५. फी पावतीवर घ्यावी आणि मूळ गुणपत्रिका कोणाकडेही अडकवून ठेवू नयेत. पडताळणी झाली की त्या परत मिळाल्या पाहिजेत.

अभ्यासक्रम उत्तीर्ण झाल्यावरही एक पायरी उरते, ती नोंदणीची. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव आल्यानंतरच मुलगी कायद्याने परिचारिका होते. या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे वर्ग पूर्ण करावे लागतात. वैद्यकशास्त्र पुढे जात असता परिचारिकेने जुन्याच ज्ञानावर थांबू नये, हा त्यामागील हेतू आहे.

परदेशातील 'प्रॅक्टिकल नर्स'

अलीकडे काही पालक परदेशातील संधींविषयी विचारतात, म्हणून त्याबद्दलही चार शब्द. अमेरिका व कॅनडा या देशांत 'प्रॅक्टिकल नर्स' अशी एक स्वतंत्र श्रेणी आहे. अमेरिकेत तिचे शिक्षण सुमारे एक वर्षाचे असते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात महाविद्यालयात दोन वर्षांची पदविका घ्यावी लागते. दोन्हीकडे पदविका मिळाली म्हणजे काम संपत नाही. स्वतंत्र परवाना परीक्षा द्यावी लागते आणि परवान्यात काय करता येईल याची मर्यादा आखलेली असते. आपल्याकडील ए.एन.एम. ही त्या श्रेणीच्या जवळची वाटली, तरी तिचे प्रमाणपत्र म्हणजे तेथील परवाना नव्हे. आधी शिक्षणाचे मूल्यमापन, मग भाषेची परीक्षा आणि त्यानंतर परवाना परीक्षा, हा क्रम कोणास चुकत नाही. 'थेट परदेशात नोकरी' असे आश्वासन देणाऱ्यांस हे तीन टप्पे विचारावेत. त्या संपन्न देशांनीही कमी कालावधीचा अभ्यासक्रम ठेवला, परंतु नोंदणी व परवाना यांत सूट दिली नाही, एवढा बोध आपण घ्यावा.

शिकलेल्या हाताचे मोल

आता प्रश्न उरतो वेतनाचा आणि तो टाळून हा विषय पूर्ण होणार नाही. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या तुटपुंज्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्र शासनाने समिती नेमली. तिने असे सुचविले की, २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात परिचारिकेस राज्य शासनाच्या समकक्ष परिचारिकेइतके वेतन मिळावे, १०० हून अधिक खाटा असल्यास ते त्याहून फार तर १० टक्क्यांनी आणि ५० हून अधिक खाटा असल्यास फार तर २५ टक्क्यांनी कमी असावे. ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी ही शिफारस होती.

धर्मादाय रुग्णालयांस हा हिशेब जड जातो, हे लपविण्याचे कारण नाही. गरीब रुग्णाकडून अल्प शुल्क घ्यावयाचे आणि परिचारिकेस पुरेसे वेतन द्यावयाचे, या दोन्हींचा मेळ केवळ रुग्णशुल्कातून बसत नाही. त्यावर सोपा दिसणारा उपाय म्हणजे एका नोंदणीकृत परिचारिकेच्या वेतनात तीन अप्रशिक्षित मुली ठेवणे. जमा-खर्चाच्या पत्रकात त्या वर्षी बचत दिसते. परंतु ती बचत नव्हे, ते पुढे ढकललेले देणे असते. त्याची किंमत एखादी बाळंतीण किंवा एखादा वृद्ध चुकवितो. आणि त्या तीन मुलींचेही यात नुकसानच आहे. त्यांची उमेदीची वर्षे जातात आणि हाती नोंदणी येत नाही.

धर्मादाय संस्थेस उभारी देण्याचा खरा मार्ग देणगीदारांच्या हाती आहे. आपल्या समाजात इमारतीस, खोलीस, यंत्रास देणगी देण्याची उत्तम परंपरा आहे आणि तिच्या जोरावरच अशी रुग्णालये उभी राहिली. त्या परंपरेत आणखी एका शीर्षाची भर पडावी, अशी नम्र सूचना करावीशी वाटते. ते शीर्ष म्हणजे परिचर्या शिक्षण साहाय्य. मान्यताप्राप्त विद्यालयात प्रवेश मिळालेल्या, परंतु फी, वसतिगृह वा पुस्तके यांसाठी अडलेल्या परिसरातील मुलीस हे साहाय्य मिळावे. त्यास सक्तीच्या सेवेचा करार जोडू नये. शिकून आलेली मुलगी आपल्या रुग्णालयात आली तर आनंदच आहे. ती विंचूरच्या, चांदवडच्या वा येवल्याच्या दवाखान्यात गेली, तरी तिच्या हातून सुरक्षित होणारी बाळंतीण आपल्याच पंचक्रोशीतील असेल. सोनोग्राफीचे यंत्र काही वर्षांत जुने होऊन घसाऱ्याच्या रकान्यात जाते. नोंदणीकृत परिचारिका मात्र तीस-पस्तीस वर्षे काम करते आणि दरवर्षी अधिक जाणती होत जाते.

सभासदांना आणखी एक विनंती आहे. आपण अथवा आपले आप्त कोणत्याही रुग्णालयात दाखल झाल्यास, इंजेक्शन देण्यास आलेल्या भगिनीस तिचे शिक्षण व नोंदणी यांविषयी सौजन्याने विचारावे. जी शिकलेली आहे तिला या प्रश्नाचा राग येणार नाही, उलट समाधानच वाटेल. रुग्णांनी विचारावयास सुरुवात केली की रुग्णालयांनाही उत्तर तयार ठेवावे लागते.

ज्या पालकांस मुलीच्या प्रवेशाविषयी शंका असेल, त्यांनी फी भरण्यापूर्वी संस्थेची कागदपत्रे घेऊन रुग्णालयाच्या कार्यालयात यावे. ती तपासून पाहण्यास आमच्या मेट्रन व कार्यालयातील कर्मचारी साहाय्य करतील. त्यासाठी कोणतेही शुल्क नाही.

— प्रशासकीय अधिकारी